पूरक कोन, कोटिकोन, विरुद्ध कोन: नेमका अर्थ काय?

प्रश्न : मुलगी सेमी-इंग्रजीला सातवीत आहे. घरी मी मराठी पुस्तक समोर ठेवून शिकवते. त्यात पूरक कोनांची बेरीज १८० अंश दिली आहे, पण ती मोबाइलवर बघते त्या हिंदी व्हिडिओत पूरक कोनांची बेरीज ९० अंश. बरोबर कोण? दुसरं म्हणजे, दोन रेषा छेदल्या की समोरासमोरचे कोन सारखे असतात, मग त्यांना ‘विरुद्ध’ का म्हणतात? ती विचारते आणि मला सांगता येत नाही.

उत्तर : ताई, दोन्ही बरोबर आहेत. हिंदीत ९० अंशांची जोडी पूरक आणि १८० ची संपूरक. मराठीत ९० ची जोडी कोटिकोन आणि १८० ची पूरक. शब्द तोच, माप वेगळं. परीक्षेत याने हमखास घोटाळा होतो, म्हणून व्हिडिओ कोणत्या भाषेतला आहे ते आधी बघायची सवय लावा.

मराठी जोडी मला जास्त आवडते, कारण ‘कोटि’ला मागे परंपरा आहे. काटकोन त्रिकोणाच्या बाजूंना भुज, कोटि आणि कर्ण म्हणत. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या ‘लीलावती’त हेच शब्द आहेत. त्रिकोणमितीत आज आपण साइन म्हणतो ती ज्या आणि कोसाइन म्हणतो ती कोटिज्या. ३० अंशांचा साइन आणि ६० अंशांचा कोसाइन सारखाच येतो, कारण ३० आणि ६० एकमेकांचे कोटिकोन आहेत. मुलगी पुढे त्रिकोणमितीला पोचेल तेव्हा हा शब्द तिच्या कामाला येईल.

‘विरुद्ध’बद्दल : इथे विरुद्धचा अर्थ विरोधात असा नाही. तो आला आहे विरुद्ध किरणांवरून. एका बिंदूतून निघून नेमक्या उलट दिशांना जाणारे, मिळून एक सरळ रेषा होणारे दोन किरण म्हणजे विरुद्ध किरण. एका कोनाच्या दोन्ही भुजा शिरोबिंदूपलीकडे वाढवल्या की पलीकडे जो कोन तयार होतो, तो पहिल्याचा विरुद्ध कोन. मुलीच्या हातात कात्री द्या. पाती जितकी उघडतील तितक्याच मुठीकडच्या दांड्याही उघडतात. खिळ्याच्या दोन बाजूंचे ते दोन कोन म्हणजे विरुद्ध कोन.

सारखे का, हेही लगेच दाखवा, नाहीतर ती नुसतं पाठ करेल. एक कोन ६५ अंशांचा काढा. त्याच्या लगतचा, रेषीय जोडीतला कोन ११५, कारण दोघे मिळून सरळ रेषा होते. आता त्या ११५ च्या पलीकडचा कोन किती? त्याचीही ११५ शी रेषीय जोडी आहे, म्हणजे पुन्हा ६५. प्राचीन ग्रीक गणिती युक्लिडच्या ‘एलिमेंट्स’ या ग्रंथाच्या पहिल्या पुस्तकातलं १५वं विधान तेच सांगतं.

चौकोनातल्या समोरासमोरच्या कोनांना मात्र संमुख कोन म्हणायचं, विरुद्ध नाही. ते सारखे असतीलच असं नाही.

आणखी एक शंका : मग रेषीय जोडीतले कोन आणि पूरक कोन यांत फरक काय? दोन्हीकडे १८० च येतात.

उत्तर : फरक मोठा आहे आणि मुलांचा गोंधळ खरं तर इथेच होतो. काही नावं कोनांची जागा सांगतात, काही बेरीज सांगतात. पूरक हे फक्त बेरजेचं नाव. एक कोन या पानावर ७० चा आणि दुसरा पुढच्या पानावर ११० चा असला तरी ते पूरकच. रेषीय जोडीत शिरोबिंदू एक, एक भुजा सामाईक आणि उरलेल्या भुजा विरुद्ध किरण, एवढं सगळं लागतं.

संगत कोन आणि व्युत्क्रम कोन ही निव्वळ जागेची नावं. छेदिकेने, म्हणजे दोन रेषांना वेगवेगळ्या बिंदूंत छेदणाऱ्या तिसऱ्या रेषेने, दोन रेषा छेदल्या की आठ कोन होतात. दोन्ही छेदबिंदूंपाशी एकाच जागी असलेले कोन संगत; छेदिकेच्या दोन वेगळ्या बाजूंचे, दोन्ही रेषांच्या आतले कोन आंतरव्युत्क्रम आणि बाहेरचे बाह्यव्युत्क्रम. त्यांत संगत कोनांच्या चार जोड्या, आंतरव्युत्क्रमच्या दोन, बाह्यव्युत्क्रमच्या दोन. या जोड्या रेषा समांतर नसल्या तरी असतातच. जोडीतले कोन समान असणं ही वेगळी गोष्ट, आणि ती समांतर रेषांनाच लागू. ‘संगत कोन समान असतात’ असं अर्धवट वाक्य मुलांच्या तोंडी बसतं आणि पुढे फार नडतं. माझं आग्रहाचं सांगणं आहे की ‘रेषा समांतर असतील तर’ हे शब्द दर वेळी म्हणून घ्या. वहीच्या छापील ओळींवर तिरकी रेषा मारून कोनमापकाने मोजायला लावा, मग बाजूला मुद्दाम समांतर नसलेल्या दोन रेषा काढून त्यांचेही संगत कोन मोजू द्या. नाव तेच राहिलं आणि मापं बदलली हे तिला स्वतःच्या हाताने कळू दे.

लेखनाबद्दल : मुलं ‘त्रिकोन’ लिहितात म्हणून विचारते, न की ण?

उत्तर : त्रिकोणात ण, कारण तो शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आला. कोन, चौकोन, काटकोन यांत न. एकटा ‘कोण’ मराठीत माणसासाठी विचारतात.