नोकरी, घर आणि नवी मंडळी: पूर्णवेळ सेवेचा निर्णय कधी घ्यावा?

धानोरीचा सेवक

सर्व बंधुभगिनींना जय ख्रिस्त. विश्रांतवाडीच्या पुढे, धानोरीत, मी आणि माझी पत्नी भाड्याच्या घरात एक लहान मराठी मंडळी, म्हणजे एकत्र उपासना करणारा ख्रिस्ती समुदाय, सांभाळत आहोत. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी गुणवत्ता तपासणीचे काम करतो. मंडळीतील बहुतेक कुटुंबे जालना, बीड आणि अहिल्यानगर या भागांतून पोटापाण्यासाठी इकडे आलेली आहेत, आणि त्यांची झोप, जेवण व सुट्टी सारे काही कारखान्याच्या पाळीवर ठरते. मनात बरेच विचार विखुरलेले आहेत; ते मांडून ज्येष्ठांचा सल्ला घ्यावा म्हणून लिहीत आहे.

सेवा म्हणजे रविवारची उपासना, प्रवचन, बाप्तिस्मा आणि बायबल अभ्यास, असेच चित्र घेऊन मी या कामात उतरलो. प्रत्यक्षात माझा वेळ जातो तो कुणाच्या आधार कार्डावरचा पत्ता बदलून देण्यात, कुणाच्या मुलाचा अकरावीचा अर्ज भरण्यात, आणि घरमालकाने अनामत रक्कम परत दिली नाही म्हणून दोघांमध्ये बोलणी करण्यात. परवा मंडळीतील एका आजींना घेऊन ससूनमध्ये गेलो होतो. बाह्यरुग्ण विभागाच्या बाकावर बसून त्यांनी मला स्तोत्र 121 वाचायला सांगितले. क्रमांक पुकारला गेला की त्या हात वर करून मला थांबवत आणि आपला क्रमांक नाही असे कळले की ‘हं, पुढे वाचा’ म्हणत. एवढेसे स्तोत्र, पण त्याला तासभर लागला. त्या तासात आमचे जे बोलणे झाले, ते रविवारी कधीच झाले नसते असे मला मनापासून वाटते.

आता मुख्य प्रश्न. एक संस्था मला तीन वर्षे मानधन देण्यास तयार आहे. अट अशी की मी नोकरी सोडावी आणि दर महिन्याला अहवाल पाठवावा. त्या अहवालाचा नमुना मी पाहिला. नवीन गृहसभा किती, बाप्तिस्मे किती, किती घरांना भेटी दिल्या, असे त्यात रकाने आहेत. आजींबरोबरचा तो तास कोणत्या रकान्यात लिहायचा, हे मला कळत नाही. दुसरीकडे, रात्रपाळी करून सकाळी वचन सांगायला उभा राहतो तेव्हा डोळे मिटत असतात, आणि तयारीविना बोलणे हा ऐकणाऱ्यांवर अन्याय आहे, हेही मला दिसते. नोकरी सोडावी का? सोडायची तर केव्हा? आणि दैनंदिन जगणे कोठे संपते व सेवा कोठे सुरू होते, याची रेषा आपण कशी आखता?

निवृत्त पाळक, पुणे कॅम्प

प्रिय बंधू, तुमचे पत्र मी दोनदा वाचले. नोकरी करणारा पाळक म्हणजे अर्धा पाळक, ही समजूत आधी मनातून काढून टाका. करिंथात पौल अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून तंबू करण्याचे काम करीत होता, हे आपण सर्वांनी वाचलेले आहे. मात्र प्रेषितांच्या कृत्यांच्या त्याच अठराव्या अध्यायात दोन वचने पुढे गेलात की सीला आणि तीमथ्य मासेदोनियाहून आल्यावर तो वचन सांगण्यातच गढून गेला, असे लिहिले आहे. आणि मासेदोनियाहून आलेल्या बंधूंनी आपली गरज भागवली, असे तो करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात स्वतः सांगतो. म्हणजे शास्त्रात दोन्ही गोष्टी आहेत, आणि कोणतीही एक नियम म्हणून कुणावर लादता येत नाही. पाहायचे ते एवढेच की पैसा कोठून येतो आणि तो येताना काय मागतो.

आपल्या महाराष्ट्राच्या ख्रिस्ती इतिहासात हा प्रश्न नवा नाही. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर अनेक वर्षे अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केले, आणि 1917 मध्ये त्या चौकटीतून बाहेर पडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा भक्तसमुदाय सुरू केला. तुकारामांच्या अभंगांच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. या मातीतला विश्वास या मातीतल्या माणसांनी आपल्या बळावर उभा करावा, ही त्यांची तळमळ होती. पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्ती मिशन उभारले, त्यांना तर देशातून आणि परदेशातून देणग्या येत होत्या. तरी तेथे शेती होती, विणकाम होते, छापखाना होता, आणि आश्रयाला आलेल्या स्त्रियांनी काम शिकून स्वतःच्या पायांवर उभे राहावे यावर त्यांचा कटाक्ष होता. बाहेरची मदत घेणे हा दोष नव्हे, हे रमाबाईंच्या कामावरून दिसते. पण मदतीमुळे आपल्या माणसांचे हात रिकामे राहता कामा नयेत.

म्हणून माझे मत स्पष्ट सांगतो. आज नोकरी सोडू नका. तीन वर्षांनी मानधन थांबेल, आणि तोपर्यंत तुमच्या मंडळीला अशी सवय लागलेली असेल की पाळकाच्या पोटाची व्यवस्था दुसरे कोणी तरी करते. ती सवय मोडणे फार कठीण असते. दिवसपाळी मिळते का, याची कारखान्यात विचारणा करा. अर्पणाविषयी मंडळीत मोकळेपणाने शिकवा, आणि मंडळी तुमच्या घरभाड्याचा काही भाग उचलू लागली की मग या प्रश्नाकडे पुन्हा पाहा. प्रवचनाचे म्हणाल, तर दर आठवड्याला तुम्हीच का बोलावे? मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचा न्याय करीत बसला होता, तेव्हा त्याचा सासरा इथ्रो त्याला म्हणाला की हे तू ठीक करीत नाहीस, तूही थकशील आणि लोकही थकतील. निर्गमचा अठरावा अध्याय नव्या पाळकाने दरवर्षी वाचावा.

रकान्यांविषयी मला खरोखर काळजी वाटते. ज्याला दर महिन्याला आकडा द्यायचा असतो, त्याचे पाय हळूहळू आकडा मिळेल त्या घराकडे वळतात, आणि आजारी आजींचे घर वाटेत मागे राहते. मी हे माझ्या ओळखीच्या चांगल्या, प्रामाणिक माणसांच्या बाबतीत होताना पाहिले आहे.

पाळकीण, पिंपरी

भाऊ, तुमच्या प्रश्नात एक आवाज मला ऐकू आला नाही, तो वहिनींचा. नोकरी सोडण्याविषयी त्यांचे काय म्हणणे आहे? मंडळी घरात भरते, याचा अर्थ ती त्यांच्या स्वयंपाकघरात भरते. उपासनेनंतर तीस-चाळीस पेले कोण घासते, सतरंज्या कोण झटकते, रात्री अकराला फोन वाजला की कोणाची झोप मोडते, हे एकदा कागदावर लिहून काढा. आमच्याकडे मुलीच्या अभ्यासाच्या टेबलापाशी बसून लोक आपली दुःखे सांगत असत, आणि ती वही घेऊन जिन्यात जाऊन बसत असे. ती कधी तक्रार करीत नव्हती, म्हणूनच आम्हाला ते लवकर लक्षात आले नाही.

दैनंदिन जगणे आणि सेवा यांच्यात रेषा आखता येत नाही, हे तुमचे निरीक्षण मला मान्य आहे. पण रेषा आखता येत नाही म्हणून दारही लावायचे नाही, असे होत नाही. प्रभूने स्वतः शिष्यांना एकांती येऊन थोडा विसावा घेण्यास सांगितले, कारण येणाऱ्याजाणाऱ्यांमुळे त्यांना जेवायलाही सवड मिळत नव्हती. मार्कच्या सहाव्या अध्यायात हे आहे. आठवड्यातील एक संध्याकाळ घरासाठी राखा आणि ती मंडळीला जाहीरपणे सांगा. लोक समजून घेतात. सभा आळीपाळीने इतर घरांतही भरवा. ज्याच्या घरी सभा भरते, तो पाहुणा राहत नाही. आणि पेले घासण्याच्या कामात पुरुषांचीही पाळी लावा. आमच्या मंडळीत एका वडिलांनी पहिल्यांदा बाही वर सारली, त्यानंतर कुणाला सांगावे लागले नाही.

मंडळीचा खजिनदार, येरवडा

मी हिशेबाच्या बाजूने लिहितो, कारण तरुण सेवक याकडे उशिरा वळतात. आज अर्पण तुमच्या वैयक्तिक बँक खात्यात जात असेल, तर ते तातडीने थांबवावे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 याखाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात न्यासाची नोंदणी होते; त्यानंतर न्यासाच्या नावाने खाते उघडता येते, हिशेबाची दरवर्षी तपासणी करून घ्यावी लागते, आणि विश्वस्त बदलले तर त्याचा बदल अर्ज 90 दिवसांच्या आत द्यावा लागतो. नोंदणी होईपर्यंत निदान एवढे करा की अर्पण दोघांनी मिळून मोजावे, वहीत दोघांच्याही सह्या असाव्यात, आणि त्या दोघांत तुम्ही नसावे. यात तुमच्यावर अविश्वास नाही. उद्या कुणी बोट दाखवले तर तुमच्यासाठी उभी राहील ती ती वहीच.

देऊ केलेल्या मानधनाचा मूळ स्रोत देशातला की परदेशातला, हे लेखी विचारा. परदेशी अंशदान (विनियमन) अधिनियम, 2010 यात 2020 मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, असा निधी मिळालेली संस्था तो दुसऱ्या संस्थेला किंवा व्यक्तीला पुढे हस्तांतरित करू शकत नाही. तुम्ही त्यांचे कर्मचारी असणार की निधी पुढे घेणारे, यावर सगळे अवलंबून आहे, म्हणून सही करण्यापूर्वी जाणकार सनदी लेखापालाला कागद दाखवा.

आणखी एक. मंडळीत लवकरच कुणाचे तरी लग्न निघेल. भारतीय ख्रिस्ती विवाह अधिनियम, 1872 याप्रमाणे विवाह लावण्याचा अधिकार कुणाला आहे, हे ठरलेले आहे. ज्यांना आपल्या चर्चच्या दीक्षेने तो मिळत नाही, त्यांना शासनाचा परवाना लागतो. तुमच्याकडे तो नसेल, तर अधिकार असलेल्या पाळकांशी आतापासून बोलून ठेवा. दफनासाठी जागेचेही तसेच. स्मशानभूमीच्या समित्या बहुधा जुन्या मंडळ्यांच्या असतात, आणि नव्या स्वतंत्र मंडळीतील कुटुंबाला ऐन दुःखाच्या दिवशी ‘तुम्ही कोणत्या चर्चचे?’ हा प्रश्न ऐकावा लागतो. ते संबंध आधीच जोडलेले असावेत.

धानोरीचा सेवक

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री पत्नीला हे सारे वाचून दाखवले. पाळकीणबाईंचे लिखाण तिने माझ्या हातातून मोबाइल घेऊन पुन्हा वाचले, आणि मग आम्ही बराच वेळ बोललो. नोकरी तूर्त सोडायची नाही, दिवसपाळीसाठी अर्ज करायचा आणि संस्थेला तसे नम्रपणे कळवायचे, असे ठरले आहे. अर्पणाची वही या रविवारपासून दोन भगिनींकडे जाईल.

एक उपप्रश्न राहिला. भोसरीतील अनेक कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. आमच्यातील निम्मे पुरुष रविवारी कामावर असतात आणि महिनोन्महिने प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीला, मुकतात. मुख्य उपासना गुरुवारी घेतली तर चालेल का?

निवृत्त पाळक, पुणे कॅम्प

अवश्य घ्यावी. आठवड्याच्या पहिल्या दिवशी भाकर मोडण्यासाठी शिष्य जमत होते, हे खरे आहे, आणि पुनरुत्थानाचा दिवस म्हणून रविवारचा मान मी कधीही कमी करणार नाही. पण कोणी एखादा दिवस दुसऱ्या दिवसापेक्षा अधिक मानतो, कोणी सर्व दिवस सारखे मानतो, आणि प्रत्येकाने आपल्या मनाची पुरती खातरी करून घ्यावी, असे रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात सांगितले आहे. रविवारची सभा स्त्रिया, मुले आणि सुट्टी असलेल्यांसाठी चालू ठेवा. गुरुवारी संध्याकाळी पूर्ण उपासना आणि प्रभुभोजन ठेवा. मात्र मंडळीची दोन तुकड्यांत फाळणी होऊ नये म्हणून महिन्यातून एखादी संगती अशी ठरवा की सर्व कुटुंबे एकत्र जेवतील.

पहिल्या गुरुवारी मी येईन. संध्याकाळी कॅम्पातून विश्रांतवाडीकडे जाणाऱ्या बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते, म्हणून चारच्या सुमारास निघेन. प्रवचन तुम्हीच करा. प्रभुभोजनाला मी तुमच्या बाजूला उभा राहीन.