चावी आलीच नाही, तर कनेक्शन तोडायचं का?

धागाकर्ता: पोस्टग्रेस या डेटाबेससाठी ड्रायव्हर, म्हणजे अ‍ॅप्लिकेशनला डेटाबेसशी जोडणारा कोड, लिहितोय. लॉगिन झालं की सर्व्हर बॅकएंडकीडेटा नावाचा संदेश पाठवतो: प्रोसेस आयडी आणि गुप्त चावी. चालू क्वेरी रद्द करायला तीच लागते. खरं पोस्टग्रेस ती नेहमी देतं, पण हाच प्रोटोकॉल बोलणारे काही परके सर्व्हर चावी न देताच रेडीफॉरक्वेरी, म्हणजे 'आता क्वेरी पाठवा' हा संदेश, पाठवून मोकळे होतात. अशा वेळी ड्रायव्हरने काय करावं?

कर्मठ: सरळ एरर देऊन तोडा. आज चालवून घेतलंत, तर उद्या कुणीतरी कंट्रोल-सी दाबेल आणि क्वेरी इतरांना अडवणारं लॉक धरून तशीच चालू राहील.

निरुपद्रवी: अहो, रद्द होण्याची हमी मुळात आहे कुठे? क्लायंट वेगळं कनेक्शन उघडतो, रद्द करण्याच्या विनंतीचा ८०८७७१०२ हा कोड, आयडी आणि चावी पाठवतो. सर्व्हर हो-नाही काहीही न बोलता ते बंद करतो. तोवर क्वेरी संपलेलीही असू शकते. अशा बेभरवशाच्या सोयीपायी चांगलं चाललेलं कनेक्शन मारायचं? बहुतेक अ‍ॅप्लिकेशन्स आयुष्यात कधी क्वेरी रद्द करत नाहीत.

कर्मठ: थेट करत नसतील. पण जेडीबीसीमध्ये, म्हणजे जावाच्या डेटाबेस-जोडणीत, क्वेरी टाइमआउट (वेळमर्यादा) लावला की पोस्टग्रेसचा ड्रायव्हर आतून हीच कॅन्सल विनंती पाठवतो. टाइमआउट लावणाऱ्याला चावी नावाची भानगड माहीतही नसते. आणि चावी ऐच्छिक आहे म्हणाल, तर ऐच्छिक म्हणजे काय, ते एसएसएलरिक्वेस्टकडे, म्हणजे कनेक्शन एन्क्रिप्ट करण्याच्या विनंतीकडे, बघा. क्लायंटने पाठवली नाही तरी चालतं, पण पाठवली तर 'एस' किंवा 'एन' असं एका बाइटचं उत्तर मिळतं. नकार तरी कळतो! इथे नुसतं मौन. मौनाचा अर्थ प्रत्येक ड्रायव्हर आपापला लावणार.

निरुपद्रवी: मौनाचा अर्थ उघड आहे: इथे रद्द करता येत नाही. तोडून टाकलंत तर लोक तुमचा ड्रायव्हर सोडतील, सर्व्हर नाही.

वाटसरू: जोडू द्या, पण कॅन्सल फंक्शनने 'चावी मिळालेली नाही' असं स्वच्छ सांगावं. शून्य भरलेली चावी पाठवून यश मिळाल्याचा आव नको. हो, आणि चावीला ४ बाइटचा ठरावीक रकाना ठेवू नका. २०२५च्या पोस्टग्रेस १८ मधल्या ३.२ प्रोटोकॉलमध्ये ती २५६ बाइटपर्यंत जाऊ शकते.

कर्मठ: म्हणजे एरर लॉगिनला नाही, नेमकी गरज पडेल तेव्हा. निदान टाइमआउट लावतानाच ओरडू दे.

धागाकर्ता: हे पटलं. जोडणी होऊ देतो. चावी नसताना कुणी टाइमआउट मागितला, तर तिथेच एरर.

निरुपद्रवी: टाइमआउटपुरतं ठीक. जोडताना मात्र वॉर्निंगसुद्धा नको, लॉग उगाच भरतात.