मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या: तुमचे अनुभव सांगा

कामानिमित्त युगांडाला जायचं ठरतंय. गोळ्या डॉक्टरच ठरवतील, पण घेतल्यावर प्रत्यक्षात काय होतं ते घेतलेल्यांकडून ऐकायचंय. कोणती घेतली, काय त्रास झाला, आणि मुख्य म्हणजे परतल्यावर कोर्स पुरा केलात का? खरं सांगा!

—

टांझानिया, डॉक्सिसायक्लिन. रोज एक. पोटाला त्रास नाही, पण उन्हाने छळलं. या गोळीने कातडी उन्हाला फार हळवी होते. दिवसभर दुर्बीण धरून बसायचो, त्यामुळे दोन्ही हातांच्या पाठी लालभडक आणि तळवे जसेच्या तसे. बरोबरच्या एकाने झोपताना घोटभर पाण्यावर गोळी गिळली, ती अन्ननलिकेतच रेंगाळली. पुढे दोन दिवस त्याला घास गिळताना छातीत कळ यायची. भरपूर पाणी प्या आणि नंतर थोडा वेळ बसून राहा.

—

मेफ्लोक्विन, आठवड्याला एक. स्वप्नं! इतकी ठसठशीत, की स्वप्नातलं भांडण मी सकाळी नवऱ्याशी पुढे चालू केलं. मला गंमत वाटली, पण आमच्यातल्या एकीला झोपच येईना, उगाच धास्ती वाटायला लागली, आणि डॉक्टरांनी तिची गोळी बदलली. अमेरिकेच्या औषध नियामकाने 2013 मध्ये या गोळीवर मानसिक आणि मेंदूशी संबंधित त्रासाबद्दल सर्वांत कडक इशारा छापायला लावला. नैराश्य किंवा फिट्स असतील तर डॉक्टरांना आधीच सांगा. ही निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी सुरू करतात, म्हणजे काही व्हायचंच असेल तर बहुधा घरी असतानाच कळतं.

—

अटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल. खिशाला जड, पण सुटसुटीत. जेवणाबरोबर घ्या, पोटात स्निग्ध काही असेल तर औषध नीट शोषलं जातं. परतल्यावर फक्त 7 दिवस.

—

वरच्या 7 दिवसांबद्दल. डॉक्सी आणि मेफ्लोक्विन मात्र परतल्यावर 4 आठवडे घ्यायच्या असतात, आणि नेमकी तिथेच मंडळी ढेपाळतात. डास चावला की परजीवी आधी यकृतात शिरतो, तिथे वाढतो आणि मग रक्तात उतरतो. या दोन गोळ्या त्याला रक्तात गाठतात, म्हणून तो बाहेर येईपर्यंत पहारा ठेवावा लागतो. अटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल यकृतातही काम करते, म्हणून तिचं लवकर आटपतं.

माझा भाऊ नायजेरियाहून आला आणि 'आता कुठे डास चावतायत' म्हणत आठवड्याभरात डॉक्सी सोडून मोकळा. पुढे थंडी वाजून ताप आला. पहिल्या डॉक्टरांनी फ्लू म्हणून औषध दिलं. कुठे प्रवास केलाय का, हे ना त्यांनी विचारलं ना याने सांगितलं. ताप चढतच गेला, तेव्हा कुठे रक्त तपासलं: फॅल्सिपेरम, म्हणजे मलेरियाचा सर्वांत घातक प्रकार. अतिदक्षता विभागापर्यंत गेलं प्रकरण. तिथले सहकारी गोळ्या घेत नाहीत, हेही त्याचं एक पालुपद होतं. अहो, लहानपणापासून वारंवार मलेरिया होऊन त्यांच्या अंगात थोडीफार प्रतिकारशक्ती आलेली असते. तीही बाहेर राहायला गेलं की ओसरते.

—

धागाकर्ती: बाप रे. बरोबर 6 वर्षांचा मुलगा येण्याची शक्यता आहे. त्याला?

—

8 वर्षांखालच्यांना प्रतिबंधासाठी डॉक्सी सहसा देत नाहीत, गरोदरपणीही नाही. बाकीच्या गोळ्यांचा मुलांसाठीचा डोस वजनावर ठरतो, तेव्हा त्याचं वजन करूनच डॉक्टरांकडे जा. आणि मच्छरदाणी हवीच. हे डास मुख्यतः संध्याकाळ ते पहाट चावतात, आणि कुठलीच गोळी शंभर टक्के नसते.

—

पापुआ न्यू गिनी. डॉक्सीचा कोर्स अगदी शेवटच्या गोळीपर्यंत केला, तरी काही महिन्यांनी ताप आलाच. व्हायव्हॅक्स, मलेरियाचाच दुसरा परजीवी. हा यकृतात झोपून राहतो आणि वाटेल तेव्हा उठतो, डॉक्सी त्याला तिथे हात लावत नाही. मला आधी जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची रक्ततपासणी करून मगच प्रायमाक्विन, म्हणजे यकृतात झोपलेल्या परजीवीवरचं औषध, दिलं, कारण ते एन्झाइम कमी असलेल्यांच्या तांबड्या पेशी या औषधाने फुटू शकतात. नशीब, ताप आल्या आल्या प्रवासाचं सांगितलं होतं. इतक्या महिन्यांनी तो संबंध डॉक्टरांच्या डोक्यात आपोआप आला नसता.