शहरातून विमानतळापर्यंत हेलिकॉप्टर: वेळ खरंच वाचतो का?

कोरा_कागद:
दोन प्रवासी, प्रत्येकी २३ किलोची एक कडक बॅग, रात्री ९ चं आंतरराष्ट्रीय विमान. रस्त्याने एरवी दीड तास, संध्याकाळी अडीच तासही लागतात. हेलिकॉप्टरवाले ‘दहा मिनिटांत विमानतळ’ म्हणतात. बॅगा जातात का? हवा बिघडली तर? आणि दोन सीट घ्याव्यात की अख्खं हेलिकॉप्टर?

उलटी_मोजणी:
दहा मिनिटं फक्त हवेतली. घरापासून हेलिपॅड २० मिनिटं, तिथे वजन आणि तपासणी २५, उड्डाण १०, उतरल्यावर गाडीने टर्मिनलपर्यंत २०. म्हणजे सव्वा तास. उतरण्याची जागा बहुधा खाजगी विमानांच्या बाजूला असते, टर्मिनलच्या दारात नाही, आणि तिथून पुढे सामान जमा करणं, सुरक्षा, इमिग्रेशन यातलं काहीही टळत नाही. रस्ता दीड तासाचा असताना पंधरा मिनिटांसाठी एवढा खटाटोप परवडत नाही. अडीच तासांचा असेल तरच विचार करावा.

खरा हिशोब उलटा करा. सामानाचा काऊंटर ८ ला बंद होतो असं धरा (तासभर आधी बंद होणं सर्रास आहे). त्यातून रस्त्याचे वाईटात वाईट अडीच तास वजा, वर अर्धा तास हाताशी. आले ५. म्हणजे ५ च्या आत ‘उडणार की नाही’ हे कळलंच पाहिजे. साडेसहाचं उड्डाण सव्वासहाला रद्द झालं, तर गाडीने पोहोचेपर्यंत पावणेनऊ. बुकिंग करताना विचारायचं ते हेच: रद्द करायचं तर किती वाजेपर्यंत कळवता, आणि तेव्हा गाडी तुम्ही देता का? पैसे परत मिळतील, पण विमान चुकल्याची भरपाई सहसा मिळत नाही. दोन्ही तिकिटं वेगळी असतात.

मऊ_बॅग:
सामानाचं: उदाहरणादाखल बेल ४०७ हे हेलिकॉप्टर धरा, पायलट आणि सहा प्रवासी. सामानाच्या कप्प्याची मर्यादा ११३ किलो, जागा साधारण अर्धा घनमीटर. सहाही सीट भरल्या तर माणशी १९ किलोसुद्धा येत नाहीत, आणि त्याआधीच एकूण वजनाची मर्यादा आडवी येते. म्हणून सीटवर तिकीट विकणाऱ्या अनेक सेवा माणशी १०-१२ किलोची मऊ बॅगच घेतात. कडक बॅग वजनात बसली तरी कप्प्याच्या दारातून जाईलच असं नाही. लांबी-रुंदी-उंची आधी कळवा.

स्वतःचं वजन कपडे-बूट-हातसामानासकट सांगा. दोन-चार किलो लपवून उपयोग नाही, तिथे काटा असतो. उन्हाळ्यात हवा विरळ होते, उचलण्याची ताकद घटते, मग सकाळी चालणारं ओझं दुपारी चालत नाही. खिडकीचा हट्ट नको. तोल साधण्यासाठी कोण कुठे बसणार ते पायलट ठरवतो.

बॅगा गाडीने पुढे पाठवता येतात, पण काऊंटरवर त्या प्रवाशानेच जमा करायच्या असतात. गाडी अडकली तर तुम्ही टर्मिनलवर आणि बॅगा पुलावर.

ढगाळ:
पाऊस दिसला की लोक घाबरतात, पण अशी उड्डाणं बहुतेक डोळ्यांनी बघून होतात, त्यामुळे जास्त अडवतात ते खाली आलेले ढग आणि धुकं. विमानतळाचा मेटार (तिथल्या सध्याच्या हवेची सांकेतिक नोंद) उघडा. ‘बीकेएन००४’ म्हणजे आठातला पाच ते सात भाग आकाश झाकलेलं आणि ढगांचा तळ फक्त ४०० फुटांवर. ‘ओव्हीसी’ म्हणजे पूर्ण झाकलेलं, ‘एफजी’ म्हणजे धुकं, ‘टीएस’ म्हणजे गडगडाटी वादळ. पुढच्या तासांसाठी टाफ (विमानतळाचा हवामान अंदाज) बघा. त्यातल्या वेळा यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या असतात, इथे हमखास गफलत होते. आणि मोठी विमानं उतरताहेत म्हणजे हेलिकॉप्टर उडेल असं नाही, ती उपकरणांच्या भरवशावर उतरतात. अनेक हेलिपॅड सूर्यास्तानंतर बंद होतात, तेही विचारून ठेवा.

कोरा_कागद:
मग येताना?

उलटी_मोजणी:
माझ्या मते खरा फायदा येतानाच. हेलिकॉप्टर रद्द झालं तर उशिरा घरी पोहोचाल, एवढंच. फक्त वेळ पक्की बांधू नका. विमानाचा उशीर आणि पट्ट्यावर बॅग यायला लागणारा वेळ कुणाच्या हातात नसतो, तेव्हा पुढच्या उड्डाणावर ढकलता येणारं तिकीट घ्या.

पूर्ण हेलिकॉप्टरचं बिल कसं लागतं तेही बघा: रिकामं येण्या-जाण्याचे तास, उतरण्याचं शुल्क, थांबून राहण्याचे पैसे. ‘तासाचा दर’ ऐकून दहा मिनिटांचा गुणाकार करू नका, किमान आकारणी बहुधा असतेच. बॅगा मर्यादेत बसत असतील तर दोघांसाठी दोन सीटच पुरतात. चार-पाच जण सामानासकट असतील तर चार्टर, म्हणजे अख्खं हेलिकॉप्टर.

पंख्याखाली:
चढण्याचं कुणी लिहिलं नाही. पंखा चालू ठेवूनच प्रवासी चढवले जातात तेव्हा कर्मचारी हात करेपर्यंत जागचं हलू नये, पायलटला दिसाल अशा बाजूने यावं, शेपटीकडे अजिबात नाही. शेपटीचा पंखा फिरताना दिसतच नाही. टोपी, ओढणी, सुटे कागद आत टाका. १६ मे १९७७ ला न्यूयॉर्कच्या पॅन ॲम इमारतीच्या गच्चीवर विमानतळाच्या फेरीचं एस-६१ हेलिकॉप्टर उभं होतं, पंखा चालू, प्रवासी चढत होते. धातू थकून चाकाचा आधार तुटला, हेलिकॉप्टर कलंडलं. फिरत्या पात्यांनी गच्चीवर चार जण गेले आणि पात्याचा तुकडा पडून खाली रस्त्यावर एक.

दार लावण्याआधी सीटबेल्टचं टोक आत घ्या. बाहेर राहिलं तर ते वाऱ्याने हेलिकॉप्टरच्या अंगावर धाडधाड आपटतं, आवाज कशाचा हे पायलटला कळत नाही आणि तो खबरदारी म्हणून उतरवूही शकतो. पाण्यावरून मार्ग असेल तर कमरेला बांधायचं लाइफ जॅकेट देतात. ते बाहेर पडल्यावरच फुगवायचं. आत फुगवलं तर पाणी भरताना ते तुम्हाला छताला दाबून धरतं आणि दारापर्यंत बुडी मारता येत नाही.