मदत हवी आहे : बॅकअप अर्ध्यात थांबतो, कोणते लॉग गोळा करू?

नमस्कार मंडळी. नागपूरला हिंगणा एमआयडीसीत आमच्या कारखान्याच्या विंडोज सर्व्हरचा रात्रीचा बॅकअप चार दिवसांपासून अर्ध्यात बंद पडतोय. सपोर्टवाले म्हणतात, सगळी माहिती पाठवा. सगळी म्हणजे नेमकी कोणती? जॉब लॉग (बॅकअपच्या कामाची नोंद) आणि विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधले अॅप्लिकेशन, सिस्टिम लॉग काढून ठेवलेत. 'व्हीएसएसअॅडमिन लिस्ट रायटर्स' ही कमांड चालवली, तर एका रायटरपुढे (बॅकअपसाठी अॅप्लिकेशनचा डेटा तयार ठेवणारा घटक) 'टाइम्ड आउट' दिसतंय. स्नॅपशॉटसाठी (डिस्कची त्या क्षणाची प्रत) अॅप्लिकेशनला 60 सेकंदांहून जास्त रोखून धरता येत नाही, म्हणून त्या वेळचा डिस्कवरचा ताणही परफॉर्मन्स मॉनिटरने नोंदवू का? सर्व्हर रीस्टार्ट करावासा वाटतो, पण रायटरची ही अवस्था पुसली जाईल म्हणून हात आवरलाय. डिबग लॉगिंग (बारीकसारीक तपशिलांची नोंद) रात्रभर ठेवलं तर सी ड्राइव्ह भरेल का? शेवटचा पूर्ण बॅकअप रविवारचा, पगाराच्या नोंदी त्यानंतरच्या. फार काळजी वाटतेय. कुणी हे निस्तरलं असेल तर कृपया सांगा.