ॲक्च्युअरीच्या परीक्षा: पीमध्ये दोनदा नापास, पुढे चालू ठेवू का?

नमस्कार सगळ्यांना. मी सोसायटी ऑफ ॲक्च्युअरीजच्या, म्हणजे विम्यातल्या जोखमीचं गणित करणाऱ्यांच्या अमेरिकेतल्या संस्थेच्या, परीक्षा देतेय. एफएम (व्याजाचं, पैशांचं गणित) पहिल्याच वेळी निघाली म्हणून वाटलं पी (संभाव्यता) पण निघेल, पण दोनदा देऊन झाली, आधी ५ आले आणि मग ४, पास व्हायला ६ लागतात, म्हणजे जास्त अभ्यास करून कमी मिळाले. नोकरी फुलटाइम आहे, रात्री दोन तास बसते, शनिवार-रविवार तर सगळे त्यातच जातात, मैत्रिणींनी आता बोलवणंच बंद केलंय. मॅन्युअल दोनदा वाचून झालं, फॉर्म्युले तोंडपाठ आहेत, तरी तिथे प्रश्न समोर आला की सुरुवात कुठून करायची तेच सुचत नाही. फेलोशिप, म्हणजे शेवटची पायरी, तर अजून किती लांब. खरं सांगा, थांबू का?

प्रतिसाद १
ताई, थांबायचं की नाही ते नंतर बघा, आधी अभ्यास बदला. मॅन्युअल दोनदा वाचलंत म्हणता, पण घड्याळ लावून किती प्रश्न सोडवले ते लिहिलंच नाहीत. पीला ३ तासांत ३० प्रश्न, म्हणजे एकाला ६ मिनिटं, त्यात वाचणं, ओळखणं, इंटिग्रेशन सगळं आलं. माझंही पहिल्यांदा हेच झालं होतं, प्रश्न समोर आला की हा कुठल्या धड्यातला हे ओळखण्यातच वेळ जायचा, कारण घरी मी धड्याप्रमाणे सोडवायचो आणि धड्याचं नाव वर लिहिलेलं असायचं.

एक साधं उदाहरण देतो. नुकसान ० ते १००० मध्ये युनिफॉर्म (प्रत्येक रकमेची शक्यता सारखीच), डिडक्टिबल (विमा घेणाऱ्याने स्वतः सोसायची रक्कम) २००. दर नुकसानामागे कंपनी सरासरी किती देईल? ३२०. आणि पैसे द्यावे लागलेच तर सरासरी किती? ४००. गणित एकच आहे, फक्त दुसऱ्यात ०.८ ने, म्हणजे नुकसान २०० च्या वर जाण्याच्या शक्यतेने, भागायचं. पर्यायांत दोन्ही आकडे असले की घाईत वाचणारा चुकीच्यावर टिक करून मोकळा होतो आणि बाहेर आल्यावर म्हणतो पेपर चांगला गेला. जॉइंट डिस्ट्रिब्युशनला (दोन चलांची एकत्र संभाव्यता) आधी आकृती काढा मगच लिमिट लिहा, माझे निम्मे मार्क तिथेच जायचे. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका. सोसायटीचे सॅम्पल प्रश्न फुकट मिळतात, उत्तरांसकट, ते सगळे मिसळून सोडवा.

आणि परीक्षेच्या दर तासामागे १०० तास अभ्यास असं सगळे म्हणतात, पीचे झाले ३००. पण ते तास पेन हातात धरून घालवलेले हवेत.

प्रतिसाद २
वरचं सगळं पटलं, पण थांबायच्या प्रश्नावर कोणी बोललं नाही म्हणून लिहितेय. मी ब्रिटनच्या इन्स्टिट्यूट अँड फॅकल्टी ऑफ ॲक्च्युअरीजच्या परीक्षा देते, तिथे एप्रिल आणि सप्टेंबर अशा दोनच वेळा, एक पेपर राहिला की सहा महिने गेले. माझा सीएम१ (ॲक्च्युअरीच्या गणिताचा पेपर) तिसऱ्या वेळी निघाला. त्या काळात लग्नकार्यं चुकवली, आजारी आईजवळ बसून रिझर्व्हची (कंपनीने पुढच्या दाव्यांसाठी बाजूला ठेवायच्या रकमेची) गणितं केली, त्याचं अजून वाईट वाटतं. फेलो व्हायला बऱ्याच जणांना सहा-आठ वर्षं लागतात तेव्हा घरच्यांशी आधीच स्पष्ट बोला, कुठले महिने तुमचे आणि कुठले त्यांचे. मी परीक्षेनंतरचे चार आठवडे पुस्तक उघडत नाही.

थांबलेलेही बघितलेत. माझ्या टीममधल्या एकाने चार पेपर पास होऊन सोडलं, कारण त्याला हे कामच आवडत नव्हतं. तुम्हाला काम आवडतं का ते लिहिलं नाहीत.

मूळ प्रश्न विचारणारी
काम आवडतं हो, प्रायसिंगमध्ये (विम्याचे हप्ते ठरवायचं काम) आहे, त्यासाठीच तर जीव तुटतो. काल रात्री दादांनी सांगितल्यासारखे १० प्रश्न मिसळून घेतले आणि एक तास लावला. ४ बरोबर आले, ३ पर्यंत पोचलेच नाही. उरलेले ३ चुकले आणि त्यातला एक डिडक्टिबलचाच होता, ०.८ ने भागायचं राहिलं. आज परत बसतेय.