टायरचा हिशेब विक्रीच्या दुकानातच घ्यायला हवा

नालेकाठचा
नागपुरात जुने टायर नाल्यात पडून राहतात, रात्री जाळलेही जातात. पण जुन्या टायरांबाबत सरकारने काहीच केलं नाही, असं मी म्हणणार नाही. जुलै 2022 मध्ये केंद्राने नियम आणला की टायर बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांनी जुन्या टायरांच्या विल्हेवाटीची जबाबदारी घ्यायची. किती टायरांची? 2022-23 साठी, कंपनीने दोन वर्षांपूर्वी बनवलेल्या किंवा आयात केलेल्या नव्या टायरांच्या 35 टक्के, पुढच्या वर्षी 70 आणि 2024-25 पासून पूर्ण 100 टक्के. कंपनी स्वतः टायर वेचत फिरत नाही. ती नोंदणीकृत रिसायकलरकडून प्रमाणपत्रं विकत घेते आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर हिशेब जुळतो.

माझी हरकत या हिशेबालाच आहे. तो वजनाचा आहे. ट्रकचा टायर 50 किलोच्या आसपास भरतो, आत लोखंडी तार असते, त्याला भाव मिळतो. स्कूटरचा चिरलेला टायर जेमतेम तीन-चार किलोचा, तो गोळा करायचं गाडीभाडंही सुटत नाही. वजन मोठ्या टायरांवर भरून निघालं की छोटा टायर नाल्यातच पडून राहतो आणि पोर्टलवर त्याची कुठे खूणही नसते.

म्हणून माझी मागणी: नवा टायर विकतानाच ठेव घ्या. जुना टायर नोंदणीकृत ठिकाणी जमा केल्याची पावती आणली की ठेव परत. कॅलिफोर्नियात प्रत्येक नव्या टायरमागे 1.75 डॉलर शुल्क घेतात. ते परत मिळत नाही, पण त्या पैशातून बेवारस टायरांचे ढीग हलवता येतात. आपल्याकडे बुटीबोरीत टायर बनतात, अमरावती रोडवर हजारो ट्रक थांबतात. सुरुवात नागपुरातून व्हायला काय हरकत आहे?

वाडीचा टायरवाला
नाही जी, पटलं नाही. माझं टायरचं दुकान आहे म्हणून सांगतो. नवा टायर चढवला की जुना घरी नेणारं गिऱ्हाईक विरळाच. ते दुकानातच सोडून जाते. म्हणजे टायर परत येतेच, तुम्ही ठेव घ्या का नका घेऊ.

खरा घोळ पुढं आहे. काही दिवसांनी छोटा हत्ती टेम्पो येते. गाडीवाला रिमोल्ड होणारे, म्हणजे नवं रबर चढवून पुन्हा चालणारे, टायर वेगळे काढते, तारेचे वेगळे, त्याचे पैसे देते. उरलेले फाटके, गाठी आलेले, मोपेडचे टायर ‘फुकट नेतो, जागा मोकळी करून देतो’ म्हणते. आम्हाला जागा पाहिजे असते. तो ते कुठं उतरवते हे आम्ही विचारत नाही अन् तोही सांगत नाही. ठेव लावाल तं लोक बिनबिलाचा टायर घेतील अन् पक्कं बिल देणारा दुकानदार मरन.

नालेकाठचा
दादा, मग त्या गाडीलाही नियम लावा. कॅलिफोर्नियातच 10 किंवा त्याहून जास्त जुने टायर नेणाऱ्याला नोंदणी करावी लागते आणि कुठून उचलले, कुठे उतरवले याची चिठ्ठी ठेवावी लागते. ठेवीचा मुद्दा मात्र मी सोडत नाही. फुकट नेल्या जाणाऱ्या फाटक्या टायरालाही किंमत आली, तरच तो नीट जागी पोहोचेल.

आशाताई, आशीनगर झोन
तुमचं धोरण ठरेपर्यंत पावसाळा थांबणार नाही. दरवर्षी आम्ही घरोघरी डेंग्यूचं सर्वेक्षण करतो. कूलर आणि कुंड्या लोक आता स्वतःहून दाखवतात. टायर कोणी दाखवत नाही, कारण तो छपरावर असतो. वाऱ्याने टिन उडू नये म्हणून पंक्चरच्या दुकानावर, टपरीवर, घरांवर चार-चार टायर ठेवलेले असतात. खालून काहीच दिसत नाही. शिडी लावून वर गेलं की आतल्या खोबणीत ओंजळभर काळं पाणी आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्या.

पाणी ओतून दिलं की काम झालं, असं लोकांना वाटतं. तसं नाही. एडिस डासाची अंडी पाण्याच्या जरा वर, रबराला चिकटलेली असतात. ती कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जगतात आणि पुढच्या पावसाचं पाणी चढलं की फुटतात. म्हणून टायर हलवायलाच हवा, नाहीतर भोकं पाडून पाणी वाहू द्यायला हवं. त्याच्या जागी छपरावर विटा ठेवा. मला दंडही नको नि ठेवही नको, मे महिन्यात प्रत्येक झोनमध्ये टायर उचलणारी एक गाडी द्या.

लकडगंजकर
ताईंचं काम मोलाचं आहे, पण गाडी देऊन सवय बदलत नाही. नवीन कायदाही नको, आहे तो वापरा. उघड्यावर कचरा जाळला तर 5,000 आणि मोठ्या प्रमाणावर जाळला तर 25,000 रुपये भरपाई, असा राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा 2016 चा आदेश आहे. मनपाकडे उपद्रव शोध पथक आहे. आतली तार काढायला रात्री टायर जाळणाऱ्या दहा जणांकडून ही रक्कम वसूल करा, बाकीचे आपोआप थांबतील.

वाडीचा टायरवाला
भाऊ, जाळणारा कोण असते ते पाहा ना. तारेसाठी टायर जाळणाऱ्याचं पोटच त्या तारेवर आहे. तो 25,000 कुठून देईन? त्याच्याकडून काळी पडलेली तार घेणारा मोठा आहे, त्याच्या वजनकाट्यावर जा. जळक्या तारेचा ढीग लपत नाही.

लकडगंजकर
गरीब आहे म्हणून धूर सोसायचा का? त्या धुरात बाकीचे गरीबही राहतात. तार घेणाऱ्यावर कारवाई करा, माझी ना नाही, पण जाळणाऱ्याला मोकळं सोडू नका.

डांबरवाला इंजिनिअर
टायर गोळा झाल्यावर जातात कुठे, यावर कोणी बोलत नाहीये. बरेच टायर पायरोलिसिसला जातात. बंद भट्टीत तापवून तेल आणि काजळी काढतात. भट्टी धड नसेल तर नाल्यातला त्रास गावाबाहेरच्या शेतावर जातो, एवढंच. याच कामासाठी जुने टायर आयात करायला केंद्राने बंदी घातली ती योग्यच.

यापेक्षा टायरचा भुगा डांबरात मिसळून रस्ते करणं चांगलं. त्याचं भारतीय मानकही आहे. पण नागपुरात आपण रस्त्यामागून रस्ते सिमेंटचे केले, शहरात या भुग्याला गिऱ्हाईक उरत चाललंय कमी. जिल्हा परिषदेच्या आणि बांधकाम खात्याच्या डांबरी रस्त्यांच्या निविदेत ही अट टाकली तर मागणी तयार होईल. मागणी असली की छोट्या टायरालाही भाव येईल, ठेवीची गरजच पडणार नाही.

नालेकाठचा
निविदेची अट मला मान्य आहे, पण भाव येईपर्यंत किती पावसाळे जातील? शिवाय वाडी मनपाच्या हद्दीत नाही, तिथे वेगळी नगर परिषद आहे. वाडीतून भरलेली गाडी शहरातल्या नाल्यावर रिकामी झाली तर दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतील. चिठ्ठी असेल तर निदान गाडी कुठून भरली ते कळेल.

वाडीचा टायरवाला
चिठ्ठी द्यायला मी तयार आहे. फाटके टायर मी कोणत्या पत्त्यावर पाठवायचे, तेवढं आधी लिहून द्या.